बंदिवानाचा राजवाडा

आमच्या वाशीमचें जुनें नांव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्या राजांचा वाडा आज कोणास दाखवितां येणार नाहीं. पण १९३९ सालीं सांपडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट बोलतो. वंशावळ संस्कृतांत, दानाचा मजकूर प्राकृतांत. कोणीं दिलें, कोणास दिलें, हें तो स्पष्ट सांगतो. रत्नागिरीस स्थिति उलट आहे. तेथें थिबा राजवाडा उभा आहे. पण तो कोणीं, कोणास व कशासाठीं दिला, हें भिंती आपण होऊन सांगत नाहींत.

ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १८८५ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांच्या हातीं पडला व १८८६ सालीं रत्नागिरीस आणला गेला. तत्पूर्वीं बहादुरशहास रंगूनला धाडून इंग्रजांनीं हाच डाव उलट्या दिशेनें खेळला होता. थिबाला हा वाडा मिळाला १९१० सालीं, म्हणजे बंदिवासाचीं जवळजवळ पंचवीस वर्षें उलटल्यावर. आणि १९१६ च्या डिसेंबरांत तो वारला. तिमजली इमारत, जांभा दगड, कोरीव लांकूडकाम, समोर खाडी व समुद्र: सर्व देखणें आहे. परंतु तुरुंगाधिकाऱ्यानें कैद्यास दिलेल्या घरास ‘राजवाडा’ म्हणणें, ह्यांत एक क्रूर विनोद दडलेला आहे.

अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ (२०००) ह्या कादंबरीनें थिबा जगभर पोंचविला. तिच्यांतील राजा टेकडीवरून दुर्बिणीनें जहाजें न्याहाळतो, आणि त्या एका चित्रानें हद्दपारीचें सारें दुःख डोळ्यांपुढें उभें राहतें. हा कलावंताचा विजय होय. तथापि त्या दुःखांत एक प्रकारचें माधुर्यहि शिरतें, आणि वाचक हळहळून मोकळा होतो. सुधा शहा यांचा ‘द किंग इन एक्झाइल’ (२०१२) हा ग्रंथ कादंबरीइतका मोहक नाहीं. पण सरकारी दप्तरें व वंशजांच्या आठवणी यांवरून तो राजघराण्याच्या परवशतेचा हिशेब मांडतो. पैशासाठीं व परवानगीसाठीं अर्ज करीत बसणारा राजा पाहिला म्हणजे हळहळीच्या जागीं शरम उत्पन्न होते. आमच्या मतें, तीच अधिक मोलाची.

आज ह्या वाड्यांत पुरातत्त्व खात्याचें संग्रहालय आहे. प्राचीन मूर्तींस छप्पर मिळालें, ही चांगलीच गोष्ट झाली. पण ज्या घरास स्वतःचा इतिहास आहे, तेथें घर हीच पहिली प्रदर्शनीय वस्तु होय. मूर्तींच्या रांगेमागें त्या घराची हकीकत झांकली जाऊं नये. १९१९ सालीं राणी सुपयालत मायदेशीं परतली. थिबाची समाधि मात्र रत्नागिरींतच राहिली, जशी बहादुरशहाची रंगूनांत. दाराशीं एवढें चार ओळींत स्पष्ट लिहिलेलें असावें, म्हणजे ह्या वाड्यासहि त्याचा ताम्रपट लाभेल.