उशाशी लावलेली तसबीर

बिऱ्हाड हलवणारे माणूस नव्या जागेत आल्यावर ट्रंकेतून सर्वांत आधी काय बाहेर काढते, ते पाहावे. संसारी माणूस बहुधा स्टोव्ह काढतो, कारण मुलांच्या चहादुधाची वेळ झालेली असते. एकट्या माणसाला अशी घाई नसते. ब्रायन मूर या लेखकाने आपल्या गाजलेल्या कादंबरीचा आरंभ नेमका याच क्षणी केला आहे. ज्युडिथ हर्न ही चाळिशी ओलांडलेली, अविवाहित कॅथलिक स्त्री बेलफास्टच्या कॅम्डन स्ट्रीटवरील एका घरात भाड्याची खोली घेते आणि सामानातून दोन वस्तू आधी काढते. एक म्हणजे तिला लहानाची मोठी करणाऱ्या आँट डार्सीचे चांदीच्या चौकटीतले छायाचित्र, आणि दुसरी येशूच्या पवित्र हृदयाची रंगीत तसबीर. छायाचित्राला शेकोटीवरच्या फळीवर जागा मिळते. तसबीर मात्र पलंगाच्या उशाशी लावायची, तर खिळा ठोकायला हातोडी नाही. ती मागण्यासाठी तिला जिना उतरून घरमालकिणीकडे जावे लागते आणि तिथून पुढची सारी कथा सुरू होते.

‘ज्युडिथ हर्न’ ही कादंबरी 1955 साली प्रसिद्ध झाली. ‘द लोनली पॅशन ऑफ ज्युडिथ हर्न’ या लांब नावाने ती आता ओळखली जाते. मूर 1921 साली बेलफास्टमधील एका कॅथलिक शल्यविशारदाच्या घरी जन्मला, 1948 मध्ये कॅनडाला गेला, पुढे अमेरिकेत स्थायिक झाला आणि 1999 साली वारला. त्याने श्रद्धा सोडली होती, परंतु श्रद्धेचा विषय त्याला सुटला नाही. जेज्वीट मिशनऱ्यांवरील ‘ब्लॅक रोब’ (1985) हे त्याचेच पुस्तक. अशा लेखकाचे पुस्तक धर्मग्रामातील कुटुंबांनी वाचावे काय, असा प्रश्न काही वाचक करतील. आमच्या मते अवश्य वाचावे. हे पुस्तक देवाविरुद्ध फिर्याद मांडते असे वरवर वाटते. वास्तविक त्याची फिर्याद शेजाऱ्यांविरुद्ध आहे, आणि ते शेजारी आपल्यासारखेच मिस्साला जाणारे लोक आहेत.

कादंबरीची कथा थोडक्यात सांगता येते. ज्युडिथने तारुण्याची वर्षे आजारी आँटीच्या शुश्रूषेत घालवली. आँटीनंतर ते घर उरले नाही. उरली ती तुटपुंजी वार्षिक रक्कम आणि पियानोच्या शिकवण्या, त्याही एकेक करून सुटत चाललेल्या. एका भाड्याच्या खोलीतून दुसऱ्या खोलीत असा तिचा प्रवास चालू असतो. नव्या घरात मालकीणबाईंचा भाऊ जेम्स मॅडन अमेरिकेहून परतलेला आहे. तो तिकडे हॉटेलात दारवान होता, पण ज्युडिथ त्याला हॉटेलच्या धंद्यातला बडा गृहस्थ समजते. तो तिच्या अंगावरचे दागिने पाहून तिच्याजवळ पैसा असावा असे धरतो आणि डब्लिनमध्ये खाणावळ काढण्यासाठी भागीदार म्हणून तिच्याकडे पाहतो. दोघेही चुकीच्या दारावर थाप मारत आहेत. गैरसमज उघडा पडतो, ज्युडिथचे जुने व्यसन उसळते आणि खोली जाते. खोलीबरोबर श्रद्धाही जाते. कथा एवढीच आहे. तिचे मर्म आम्हांला मॅडन-प्रकरणात दिसत नाही, ते त्या उशाशी लावलेल्या तसबिरीत दिसते.

ही तसबीर आपल्या वाचकांना अपरिचित नाही. पॅरे-ल-मोनियाल येथील मठात संत मार्गारेट मेरी अलाकोक हिला 1673 ते 1675 या काळात झालेल्या दर्शनांपासून पवित्र हृदयाच्या भक्तीचा प्रसार झाला. फादर मातेओ क्रॉली यांनी 1907 सालापासून घराघरांत या तसबिरीची विधिपूर्वक प्रतिष्ठापना करण्याची चळवळ जगभर नेली. वसईच्या जुन्या घरांत ओटीवरून आत पाऊल टाकताच समोर दिसणारी तसबीर तीच. या भक्तीशी जोडलेल्या आश्वासनांपैकी एक असे, की जेथे ही प्रतिमा लावून तिचा आदर राखला जाईल, त्या घराला आशीर्वाद मिळेल. येथे ‘घर’ या शब्दावर आम्ही थबकतो. प्रतिष्ठापनेच्या विधीत कुटुंबप्रमुख असतो, माता असते, गुडघे टेकलेली लेकरे असतात. भाड्याच्या एका खोलीत, हातोडी उसनी आणून, कोणाच्याही साक्षीवाचून लावलेली तसबीर कोणत्या घराला आशीर्वाद देते? एकट्या माणसाच्या खोलीला आपण घर म्हणतो का? मूरने हा प्रश्न कोठेही शब्दांत विचारलेला नाही. त्याने तो भिंतीवर टांगून ठेवला आहे.

आणि भिंतीवरच तो फिरवला आहे. बाटली उघडण्यापूर्वी ज्युडिथ आँटीचे छायाचित्र व येशूची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवते. या एका कृतीवर धर्मशास्त्राचा वर्ग घेता येईल. तिचा देवावर विश्वास नसता, तर तसबीर फिरवण्याची गरजच नव्हती. तिच्या खोलीत तिच्याकडे पाहणारे फक्त दोघे आहेत, एक मेलेली आँटी आणि एक देव. जिवंत माणसाची नजर असती तर कदाचित तिला बाटलीची गरज भासली नसती, असे आम्ही म्हणणार नाही. व्यसनाचे गणित इतके सोपे नसते. परंतु ज्या खोलीत लाज वाटायला तसबिरीखेरीज कोणी नाही, ती खोली राहायला फार कठीण.

व्हर्जिनिया वुल्फने 1929 मध्ये, लिहू इच्छिणाऱ्या स्त्रीला वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी असा हिशेब मांडला. तो हिशेब आम्हांला मान्य आहे. पण ज्युडिथच्या खोलीलाही कुलूप आहे आणि थोडे का होईना उत्पन्न आहे. वुल्फच्या खोलीत टेबलावर काम वाट पाहत असते, ज्युडिथच्या खोलीत ट्रंकेत बाटली. चार भिंती दोघींच्या सारख्याच, परंतु एकीने त्या निवडल्या आहेत आणि दुसरीच्या वाट्याला त्या उरल्या आहेत. निवडलेले एकांत आणि उरलेले एकाकीपण यांतला फरक आपल्याला खरे म्हणजे अधिक ठाऊक असायला हवा. कार्थुसियन साधूची कुटीही एकट्याचीच असते, पण तिच्या भोवती मठ असतो, प्रार्थनेची घंटा असते. कॅम्डन स्ट्रीटवरच्या घरात घंटा होते ती न्याहारीची. न्याहारीपुरते सारे भाडेकरू एका टेबलाशी येतात, एकमेकांची चहाडी मनात साठवतात आणि आपापल्या दाराआड जातात. भाड्यात तेवढीच न्याहारी धरलेली आहे, पुढच्या दिवसाचे पोट ज्याचे त्याने पाहावे.

मूरची लेखणी सर्वांत निर्दय होते ती प्राध्यापक ओनील यांच्या घरी. दर रविवारी ज्युडिथ या सुखवस्तू कॅथलिक कुटुंबाकडे चहाला जाते. आठवडाभर ती त्या दिवसाची वाट पाहते, काय बोलायचे ते जुळवून ठेवते. तिकडे तिची चाहूल लागताच प्राध्यापकमहाशय अभ्यासिकेत पसार होतात आणि मुले तिच्या आत शिरतानाच्या ठरावीक बोलण्याची नक्कल करून हसतात. हे लोक वाईट नाहीत. ते तिला शेरी देतात, केक देतात, दार उघडतात. फक्त ती जाईपर्यंतची मिनिटे मोजतात. ही पाने वाचताना आम्हांला आमच्या लहानपणीच्या काही मावश्या आठवल्या. त्या सणाला हमखास येत, जेवणानंतरही रेंगाळत आणि त्या गेल्यावर घरातली थोरली माणसे सुस्कारा टाकत. त्या कोठे राहत, त्यांची खोली कशी होती, हे आम्ही कधी पाहिलेच नाही. पाहायला जावे असे कोणाला सुचले नाही.

आपल्याकडे ही गोष्ट निराळ्या रूपात घडते. आईवडिलांची सेवा करत अविवाहित राहिलेली मुलगी, शिक्षिका वा परिचारिका, कायद्याने निराधार नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 प्रमाणे ख्रिस्ती घरात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच असतो. परंतु भावांच्या प्रेमाखातर हक्कसोडपत्रावर सही होते आणि पुढे वाडीतल्या घरातली तिची खोली ‘भावजयीच्या घरातली खोली’ होते. मग ती शहरात जागा शोधू लागते. वसतिगृहाला वयाची अट असते, घरमालकाला एकट्या बाईचा संशय असतो, अकरा महिन्यांचा करार संपला की पुन्हा ट्रंक भरायची. पुरुषांसाठी गोव्याच्या गावांनी मुंबईत, विशेषतः धोबीतलावाच्या परिसरात, कूड उभे केले. बोटीवर जाणारा खलाशी आपल्या गावच्या कुडात पेटी ठेवी, संध्याकाळी वेदीपुढे इतरांबरोबर रोझरी म्हणे. पेटीपुरती जागा, पण तसबीर सर्वांची आणि प्रार्थना सर्वांची. बायांसाठी एखाद्या गावाने असा कूड काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. धर्मभगिनींनी वसतिगृहे चालवून जेवढे केले तेवढेच.

कादंबरीतले दोष आम्हांला दिसत नाहीत असे नाही. फादर क्विग्ली हे पात्र मूरने सोप्या रीतीने निकालात काढले आहे. व्यासपीठावरून हे महाशय लोकांना सिनेमाला पैसा आहे पण देवाला वेळ नाही म्हणून झोडपतात, आणि पापनिवेदनाच्या वेळी मात्र समोरच्या जिवाचे दुःख त्यांच्या कानांवरून वाहून जाते. असे धर्मगुरू असतात, हे आम्ही नाकारत नाही. पण थकलेल्या धर्मगुरूलाही मन असते आणि लेखकाने ज्युडिथच्या मनात जितके वाकून पाहिले, त्याच्या शतांशानेही तो त्यांच्या मनात डोकावला नाही. घरमालकीण मिसेस हेन्री राईस व तिचा लाडावलेला, आयते खाणारा मुलगा बर्नार्ड यांचे चित्रणही भडक आहे. आणि ज्युडिथला एकही बरा शेजारी मिळू नये, ही लेखकाने केलेली थोडी फसवणूकच म्हणावी लागेल. तिच्या खोलीत येतात ते तक्रार घेऊन. कोणी सहज म्हणून जिना चढला असता, तर कादंबरी झाली नसती, हे खरे.

जॅक क्लेटन यांनी 1987 मध्ये या कथेवर चित्रपट काढला. मॅगी स्मिथ यांनी ज्युडिथ अशी उभी केली आहे की पुन्हा वाचताना त्यांचाच चेहरा समोर येतो. कथा मात्र बेलफास्टहून डब्लिनला नेली आहे, आणि तेथे काही हरवते. कादंबरीतल्या काळी बेलफास्टचे कॅथलिक अल्पसंख्य होते. अल्पसंख्य समाज आपल्या माणसांना घट्ट धरतो, पण कुटुंबांच्या रांगेत न बसणारे माणूस त्याच्या मुठीतून नकळत निसटते. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

मंजूषेचे दार उघडण्यासाठी ज्युडिथ वेदीवर धाव घेते, तो प्रसंग काहींना पवित्र वस्तूंचा अवमान वाटेल. आम्हांला तो तिचा शेवटचा जिना वाटतो. सगळी दारे बंद झाल्यावर ती या दारापाशी येते आणि आत कोणी राहते का, हे पाहू मागते. दार उघडत नाही. त्यानंतर ती धर्मभगिनींच्या शुश्रूषागृहात दाखल होते. मोईरा ओनील तिला भेटायला येते. जिला आपण कधी आवडलो नाही हे तिला आता कळले आहे, तरीही येते. हा एवढा एक माणूस मूरने शेवटी पाठवला आहे.

आणि मग पुन्हा तेच. नवी खोली, नवा पलंग. ज्युडिथ आपल्या दोन वस्तू मागवते आणि आँटीचे छायाचित्र व पवित्र हृदयाची तसबीर तिच्यासमोर ठेवली जातात. तसबिरीवर तिचा आता विश्वास उरलेला नाही. तरी ती असली की जागा आपली वाटते, एवढे तिला कळते. या वेळी हातोडी मागायला जिना उतरावा लागत नाही.