मेरिटॉक्रसी : खरा मानला गेलेला उपहास

‘मेरिटॉक्रसी’ हा शब्द आज कौतुकाचा आहे. घराणे आणि वडिलांचा पैसा यांपेक्षा गुणवत्तेला मान देणारी व्यवस्था, असा त्याचा अर्थ आपण घेतो. पण ज्या पुस्तकामुळे तो रूढ झाला, ते या व्यवस्थेचा धोका दाखवण्यासाठी लिहिलेले होते. मायकेल यंग यांचे ‘द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी’ १९५८ साली प्रसिद्ध झाले. आर्थिक न्यायाविषयी ब्रिटिश समाजाची दृष्टी त्यानंतर कशी बदलत गेली, हे समजून घ्यायचे तर हे पुस्तक आणि त्याचे झालेले गैरवाचन, दोन्ही तपासावी लागतात.

यंग हे बाहेरून बोलणारे टीकाकार नव्हते. १९४५ साली मजूर पक्ष ज्या जाहीरनाम्यावर निवडून आला, त्याचा मसुदा त्यांनी तयार केला होता. आदल्या वर्षीच्या शिक्षण कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये माध्यमिक शिक्षण मोफत केले. पण अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची विभागणीही होऊ लागली. थोडी मुले ग्रामर स्कूलमध्ये, बाकीची बहुतेक ‘सेकंडरी मॉडर्न’मध्ये. त्या वयात मागे पडलेल्या मुलाने स्वतःविषयी काय समजायचे, हा प्रश्न या पुस्तकाच्या मुळाशी आहे.

पुस्तकाचा घाट मजेशीर आहे. २०३४ साली एक समाजशास्त्रज्ञ मागे वळून इतिहास सांगतो आहे. बुद्ध्यांक आणि प्रयत्न यांची बेरीज म्हणजे गुणवत्ता, या सूत्रावर राज्य चालते. बुद्धी मोजण्याचे वय खाली खाली येते. कमी बुद्ध्यांकाची माणसे वरच्यांच्या घरी घरकामाला जातात. निवेदकाला हे सारे न्याय्य वाटते. पूर्वीचा गरीब ‘मला संधी मिळाली नाही’ असे म्हणू शकत होता; आताच्या गरिबाला तेही म्हणता येत नाही. अखेर बंड होते, त्यात स्त्रिया पुढे असतात. १८१९ साली मँचेस्टरमध्ये राजकीय हक्क मागणाऱ्या जमावावर ज्या पीटर्लूला घोडदळ घातले गेले, तिथेच हा निवेदक मारला जातो. शेवटच्या तळटीपेत ते आपल्याला कळते.

पंचवीस वर्षांपूर्वी जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला याची जीर्ण प्रत मिळाली. माझे शिक्षण बारावीला थांबलेले, पुढचे सारे वाचन ग्रंथालयांतले. पहिल्या वाचनात मी चक्क निवेदकाच्या बाजूने होतो. मार्कांवर सगळे ठरावे, वशिल्यावर नको, ही आमच्या पिढीची श्रद्धाच होती. मेरिट लिस्टमध्ये फोटो छापून येणाऱ्या मुलांचा हेवा केलेला माणूस दुसरे काय वाचणार? म्हणून गैरवाचनाचा सारा दोष वाचकावर टाकणे मला पटत नाही. निवेदकाचा आवाज इतका सफाईदार आहे की उपहासाची धार बोथट होते. विरोधी बाजू मांडणारा ‘चेल्सी जाहीरनामा’ पुस्तकात आहे. माणसाला दया, धैर्य, कल्पकता, सहानुभूती यांनीही मोजले, तर वर्ग उरणारच नाहीत, असे तो म्हणतो. पण त्याला जागा मिळाली आहे अगदी थोडी.

याहून मोठी उणीव वेगळी आहे. मोजणी प्रामाणिक होईल, हे यंग यांनी गृहीत धरले. त्यांच्या कल्पित राज्यात मजुराची हुशार मुलगी खरोखर वर जाते. प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये खासगी शाळांत सुमारे ७ टक्के मुले शिकतात, आणि वरिष्ठ न्यायाधीशांत मात्र निम्म्याहून अधिक जण अशाच शाळांतून आलेले असतात. म्हणजे यंग यांच्या दुःस्वप्नातला न्याय ब्रिटनला लाभला नाही. त्यातला अहंकार तेवढा लाभला. पैशाने विकत घेतलेली पुढची जागा स्वकष्टाची मानली जाऊ लागली.

याची दुसरी बाजू म्हणजे गरिबाकडे पाहण्याची दृष्टी. लोकमताची वार्षिक पाहणी तिथे १९८३पासून होते. कर वाढला तरी चालेल, पण सरकारने गरिबांच्या मदतीवर अधिक खर्च करावा, असे १९८९ साली सुमारे ६० टक्के लोक म्हणत होते. २००९ साली हे प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली होते. या बदलाला अनेक कारणे आहेत, आणि नंतरच्या वर्षांत सहानुभूती काहीशी परतली. पण ‘जो मागे राहिला तो स्वतःच्या दोषाने’ ही पुस्तकातल्या निवेदकाची भाषा मधल्या काळात घरोघरी पोहोचली होती, हे नाकारता येत नाही.

२००१ साली, ८५व्या वर्षी, यंग यांनी ‘गार्डियन’मध्ये लेख लिहून पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना हा शब्द कौतुकाने वापरणे थांबवावे, असे सुचवले. त्यांनी ॲटली मंत्रिमंडळाची आठवण दिली. परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन अकराव्या वर्षी शाळा सोडून शेतमजुरीला लागलेले, हर्बर्ट मॉरिसन चौदाव्या वर्षी दुकानात. राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी करणारे अन्युरिन बेव्हन यांचे नाव आपण त्यात घालू शकतो. तेही लहानपणी कोळशाच्या खाणीत उतरले होते. हुशार मुलांना लवकर वेचून वरच्या वर्गात नेले, तर कष्टकऱ्यांना त्यांच्यातलाच नेता कसा मिळणार, हा यंग यांचा प्रश्न होता. काही महिन्यांनी, जानेवारी २००२मध्ये, ते वारले.

२०२०च्या वसंतात ब्रिटनमध्ये दहा आठवडे दर गुरुवारी रात्री आठ वाजता लोक दारात उभे राहून परिचारिका, डॉक्टर आणि सेवकवर्गासाठी टाळ्या वाजवत होते. चेल्सी जाहीरनाम्यातली मोजपट्टी काही काळ का होईना, लोकांनी हाती घेतली होती. पुढच्या मार्चमध्ये सरकारने इंग्लंडमधल्या याच कर्मचाऱ्यांसाठी १ टक्का पगारवाढ सुचवली. ओरड झाल्यावर ती ३ टक्के झाली. डिसेंबर २०२२मध्ये परिचारिका पगारासाठी संपावर गेल्या.

लोकांची दृष्टी बदलली तरी पगारपत्रक आपोआप बदलत नाही, हे यंग यांच्या पुस्तकात नाही. ते आपल्याला त्यांच्यापुढे जाऊन लिहावे लागेल. पण पगारपत्रक तयार करणारा निवेदक कसा विचार करतो, हे त्यांनी १९५८ सालीच ओळखले होते. मला ते समजायला दुसरे वाचन लागले.