साठ शब्दांचा तराजू

निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, हे त्याचे एक लक्ष्य. लक्ष्य असावेच; माझा आक्षेप मापाला आहे. ‘शब्द’ हे माप सर्व भाषांत सारखे नसते.

मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. घाटकोपर-मुलुंडकडे मराठी आणि हिंदी माध्यमांची मुले एकाच वस्तीतून येतात. ‘घराजवळच्या झाडाखाली’ हे मराठीत दोन शब्द. हिंदीत तेच ‘घर के पास के पेड़ के नीचे’, म्हणजे सात. अक्षरे मोजली तर मराठीत दहा, हिंदीत अकरा. वाचणाऱ्याचे श्रम जवळपास तेवढेच. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहितात, हिंदीत ती सुटी राहतात, एवढाच फरक. पण घड्याळ लावून शब्द मोजले, तर मराठी वर्ग मागे दिसणार. मराठी शाळांचे पट घसरत असताना पालकांनी त्यातून काय अर्थ काढावा?

हे शासनाला ठाऊक नाही असे नाही. मार्च २०२२मध्ये एनसीईआरटीने तिसरीच्या मुलांची पायाभूत अध्ययन पाहणी केली, तेव्हा २० भाषांसाठी वाचनाचे निकष वेगवेगळे ठरवले गेले. पाहणीतले हे शहाणपण साठाच्या सरसकट आकड्यात दिसत नाही.

संख्यांचेही तसेच. पहिलीत ९९पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, असे लक्ष्य आहे. तमिळ माध्यमातले मूल २१ला आधी वीस म्हणते, मग एक. लिहिण्याचा क्रमही तोच. मराठी मूल ‘एकवीस’ म्हणताना एक आधी उच्चारते आणि दोन आधी लिहिते. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ असे वाचनही दिले, तेव्हा त्याची टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मुलांची अडचण सांगत होत्या. वाद मात्र भाषेच्या अस्मितेचा झाला. पर्याय मान्य असो वा नसो, अडचण खरी होती.

मी मराठीसाठी सवलत मागत नाही. वेग मोजायचाच असेल तर अक्षरांवर मोजावा, किंवा प्रत्येक भाषेचा आकडा त्या भाषेतल्या मुलांच्या वाचनावरून ठरवावा, आणि वाचून झाल्यावर दोन प्रश्न जरूर विचारावेत. आठ वर्षांच्या मुलावर ‘मागे’ हा शिक्का मारण्याआधी एवढी खातरजमा व्हायलाच हवी.