अंकीय संगीतसंग्रहाची मांडणी आणि रागसंगीत : एक चिकित्सा

महाविद्यालयातील जुन्या ध्वनिफिती व तबकड्यांचे अंकीकरण झाले, की हजारो ध्वनिमुद्रणे एका संगणकात सामावतात. संग्रह वाढतो; परंतु हवे ते ध्वनिमुद्रण सापडेलच असे नाही. या अडचणीचे मूळ यंत्रात नसून वर्गीकरणामागील गृहीतकात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

एमपी-३ धारिकेला माहिती जोडणारी ‘आयडी-३’ पद्धती १९९६ मध्ये आली. तिच्या पहिल्या आवृत्तीत सर्व माहितीसाठी मिळून १२८ बाइट होते. शीर्षक, कलाकार व अल्बम यांना प्रत्येकी ३० अक्षरे. ‘राग मियाँकी तोडी, विलंबित एकताल’ हे शीर्षक रोमन लिपीत भरल्यास तालाचे नावच कापले जाई. संगीतप्रकारांच्या मूळ ८० नावांत हिंदुस्थानी संगीताला स्वतंत्र स्थान नव्हते. १९९८ मधील दुसऱ्या आवृत्तीने स्वतःचे रकाने जोडण्याची सोय दिली; तथापि अल्बम व गीत हेच मूलघटक मानण्याची सवय टिकून राहिली.

ख्यालाच्या अभ्यासकाची वाट निराळी असते. पं. भातखंडे यांनी क्रमिक पुस्तक मालिकेत बंदिशी रागवार मांडल्या, त्या याच दृष्टीने. एकच राग भिन्न घराण्यांत कसा उलगडतो, हा त्याचा प्रश्न; अल्बमनिष्ठ मांडणीत ही तुलना दुरापास्त होते. बडा ख्याल व त्याला जोडून येणारा छोटा ख्याल दोन धारिकांत विभागला गेला, तर यादृच्छिक क्रमात मैफलीची एकसंधता भंगते. साथीदारांची नावे तर बहुधा नोंदवलीच जात नाहीत.

मग रागांचे कप्पे करावेत काय? तेही अपुरे आहे. ठुमरी वा नाट्यगीत शोधणाऱ्यास गानप्रकाराची वाट हवी असते. कप्प्यात वस्तूला एकच जागा मिळते. अंकीय नोंदीला अनेक वाटांनी पोहोचता येते. डॉ. रंगनाथन यांनी १९३३ च्या कोलन वर्गीकरणात विषयाचे पैलू पृथक् करून जोडण्याचे तत्त्व मांडले होते. राग, ताल, गानप्रकार, गायक, साथीदार, स्थळ व दिनांक असे पैलू स्वतंत्रपणे नोंदविणे, हे त्याच तत्त्वाचे उपयोजन ठरेल. बार्सिलोनातील पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पानेही राग व ताल यांना शोधाचे घटक मानले.

तरीही रकाना भरणार कोण, हा प्रश्न उरतोच. मारवा, पूरिया व सोहनी यांचे स्वर समान. भेद चलनाचा आणि स्वरप्राधान्याचा. चुकीची नोंद विद्यार्थ्याला चुकीचा रागच शिकविते. म्हणून नोंद करणे हे केवळ कारकुनी काम नसून ते संगीतविषयक विधान आहे. ग्रंथपाल आणि संगीताचे अध्यापक यांनी एकत्र बसून ते केले, तरच संग्रह अभ्यासाचे साधन होईल. एरवी तो निव्वळ साठा राहील.