रक्ताचा धनी की व्रताचा?

जत्रेच्या रात्री देवळापुढच्या मांडवात दशावताराचा खेळ उभा राहिला की सर्वांत पुढची जागा मुले पटकावतात, ही कोकण-गोव्याकडची जुनी रीत आहे. मुलांना संकासुराची भीती आणि युद्धाची मौज हवी असते. मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांचे कान मात्र संवादातील धर्मनिर्णयाकडे लागलेले असतात. एकच खेळ दोघांना दोन निराळी फळे देतो आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. म्हणून मुलांसाठी निर्माण झालेल्या एका जपानी दूरचित्रवाणी मालिकेचा विचार या पानांवर होत असेल, तर आमच्या वाचकांनी त्याजकडे उपहासाने पाहू नये, एवढीच प्रारंभी विनंती आहे. ‘सामुराई सेन्ताई शिंकेंजर’ हे त्या मालिकेचे नाव. २००९ च्या फेब्रुवारीपासून २०१० च्या फेब्रुवारीपर्यंत दर रविवारी सकाळी तिचे ४९ भाग जपानमध्ये प्रक्षेपित झाले.

‘सेन्ताई’ म्हणजे पथक. शोतारो इशिनोमोरी या चित्रकथाकाराच्या कल्पनेतून १९७५ च्या एप्रिलमध्ये ‘गोरेंजर’ ही मालिका सुरू झाली आणि पाच रंगांची वस्त्रे व शिरस्त्राणे धारण करणाऱ्या पाच वीरांचा साचा तेव्हा ठरून गेला. १९७९ साली त्यात प्रचंड यंत्रमानवाची भर पडली. पुढे जवळजवळ दरवर्षी नवे पथक, नवी शस्त्रे, नवे शत्रू असा क्रम चालत राहिला आणि २०२५ साली या परंपरेला पन्नास वर्षे पूर्ण झाली. १९९३ पासून अमेरिकेत याच मालिकांतील युद्धप्रसंग घेऊन, मुखवट्याबाहेरची माणसे तेवढी अमेरिकन घालून, ‘पॉवर रेंजर्स’ ही मालिका तयार होऊ लागली. आपल्याकडच्या मुलांना हा प्रकार ठाऊक झाला तो मुख्यतः या परक्या वेषातूनच. मूळ जपानी मालिकांत काय होते, याची विचारपूस फारशी झाली नाही. ‘शिंकेंजर’ ही त्या मालेतील तेहतिसावी आणि, आमच्या मते, प्रौढांनीही विचारात घ्यावी अशी.

कथेचा सांगाडा साधा आहे. शिबा नावाचे एक सामुराई घराणे पिढ्यान्‌पिढ्या दुष्ट शक्तींशी लढत आले आहे. त्याचा अठरावा धनी ताकेरू हा तरुण. त्याच्या पूर्वजांची सेवा ज्या घराण्यांनी केली, त्यांतील चार मुलामुलींना आजच्या काळात अचानक बोलावणे येते. एक काबुकी नाट्याचा अभ्यास करणारा र्‍यूनोसुके, दुसरी बालवाडीत काम करणारी माको, तिसरा चिआकी, चौथी बांबूचे काम करणाऱ्याची मुलगी कोतोहा. आपापले आयुष्य सोडून ते धन्यापुढे गुडघे टेकतात. भागांना ‘अंक’ म्हटले आहे. काबुकीच्या रंगमंचावर काळ्या वस्त्रांत वावरणारे आणि प्रेक्षकांनी न पाहिल्यासारखे करावयाचे जे साहाय्यक असतात, तेच येथे शिबांच्या वाड्यातील नोकर होऊन युद्धभूमीवर धन्याच्या घराण्याची चिन्हे असलेले पडदे उभारतात. हे नाटक आहे, याची आठवण मालिका प्रेक्षकास पदोपदी देते. आपल्या दशावतारातला सूत्रधार तरी निराळे काय करतो?

या वीरांचे मुख्य बळ तलवारीत नसून अक्षरांत आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांस विशेष रुचेल. हवेत कुंचल्याने अग्नी, जल, आकाश, वृक्ष, पृथ्वी यांची चिन्हे काढून ते वीररूप धारण करतात. रेघ वळणदार आणि क्रमाने आली तरच अक्षरातील शक्ती जागी होते. ज्या समाजात मुलाचे पहिले अक्षर देवाच्या नावाने गिरवून घेतात आणि ज्याच्या भाषेत ‘अक्षर’ या शब्दाचा अर्थच ‘नाश न पावणारे’ असा आहे, त्याला ही कल्पना समजावून द्यावी लागत नाही. सुलेखनाचा सराव हाच शस्त्राभ्यास ठरावा, ही लेखिका यासुको कोबायाशी यांच्या संहितेतली आणि एकंदर योजनेतली सुंदर गोष्ट होय.

शत्रूंची कल्पनाही तशीच विचारपूर्वक केलेली आहे. ते राहतात सान्झू नदीत. मृतात्म्यांना ओलांडावी लागणारी ही नदी म्हणजे जपानी बौद्ध कल्पनेतील वैतरणीच. वैतरणी पार व्हावी म्हणून आपण गोदान सांगतो. जपानी लोक मृताबरोबर सहा नाणी देत, आणि शत्रूंच्या जहाजाचे नाव त्या सहा नाण्यांवरूनच ठेवलेले आहे. या नदीचे पाणी माणसांच्या दुःखाने चढते. लोकांना रडवावे, पाणी वाढवावे आणि एके दिवशी नदी या जगात लोटावी, हा शत्रूंचा बेत. आम्ही राहतो ते खातेगांव नर्मदेपासून फार दूर नाही. जवळच नेमावरला नर्मदेचे नाभिस्थान मानतात आणि सिद्धनाथाचे प्राचीन देऊळ तिच्या काठी उभे आहे. जिच्या दर्शनाने दुःख हरते अशी नदी ज्यांच्या पूजेत आहे, त्यांना दुःखानेच फुगणारी नदी हे चित्र अधिकच भयंकर वाटेल.

परंतु या सर्व सजावटीच्या आत मालिकेने एक खरा प्रश्न जपून ठेवला आहे. शत्रूंचा अधिपती दोकोकू याला बांधून टाकणारे एक गुप्त अक्षर शिबा घराण्याच्या धन्यालाच अवगत असते. म्हणून धन्याचे प्राण वाचविणे हे सेवकांचे पहिले कर्तव्य ठरते, आणि त्यासाठी ते स्वतःचे प्राण देण्यास सिद्ध होतात. ताकेरू मात्र अबोल, काहीसा कठोर. सेवकांशी जवळीक वाढू लागली की मागे सरणारा. प्रेक्षकाला हा धनिकपणाचा ताठा वाटतो. पंचेचाळिसाव्या अंकात त्याचा उलगडा होतो. ताकेरू शिबा घराण्याचा नव्हेच. खरी अठरावी धनीण काओरू नावाची मुलगी. ती अज्ञातवासात वाढत होती. ते गुप्त अक्षर तिने आत्मसात करीपर्यंत शत्रूंचे लक्ष दुसरीकडे वेधावे, म्हणून अक्षरबळ असलेल्या एका परक्या घरच्या मुलास लहानपणीच धनी म्हणून उभे केले होते. जे सेवक आपल्यासाठी मरावयास निघाले, त्यांच्याशी आपण रोज खोटे बोलत आहो, हे ओझे त्याने आयुष्यभर वाहिले. त्याच्या कठोरपणात भरलेली लज्जा आता दिसू लागते, आणि मागील चव्वेचाळीस अंकांचा अर्थ पालटतो.

मालिकेच्या नावात येथे एक गर्भित अर्थ आहे. ‘शिंकेन’ या जपानी शब्दाचा अर्थ ‘खरी तलवार’ आणि ‘मनापासूनचे गांभीर्य’ असा दुहेरी आहे. ज्याचे नाव खोटे, त्याची तलवार मात्र खरी.

अशा माणसाला मराठीत काय म्हणावे? आपल्यापाशी ‘तोतया’ हा शब्द आहे. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे सोंग घेऊन जो माणूस पुढे आला, त्याच्यामुळे या शब्दाला इतिहासात जागा मिळाली आणि कायमचा कलंकही. जपानी भाषेतील ‘कागेमुशा’, म्हणजे छायायोद्धा, या शब्दात तो कलंक नाही. तोतया दुसऱ्याचे नाव सुखासाठी घेतो. छायायोद्धा दुसऱ्याचे मरण अंगावर घेतो. ताकेरूला आपण तोतया म्हणू शकत नाही, आणि मराठीत दुसरा तयार शब्द सापडत नाही.

शब्द नसला तरी उदाहरण आहे, आणि ते आमच्या माळव्यातलेच आहे. संस्थाने विलीन होईपर्यंत खातेगांवचा मुलूख इंदूरच्या होळकरांच्या नेमावर जिल्ह्यात मोडत असे. त्या होळकर घराण्यात खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले, १७६६ साली मल्हारराव गेले, आणि पुढील वर्षी त्यांचा नातू मालेरावही गेला. गादीला पुरुष वारस उरला नाही. अहिल्याबाईंनी सैन्याचा भार तुकोजी होळकरांवर सोपविला. ते मल्हाररावांचे पुत्र नव्हते. तरीही, माल्कमने नोंदविल्याप्रमाणे, त्यांच्या मोठ्या शिक्क्यात मल्हाररावांचे पुत्र असा त्यांचा उल्लेख असे, आणि वयाने थोर असूनही ते अहिल्याबाईंना ‘आई’ म्हणत. राज्यकारभार बाईंकडे आणि तलवार तुकोजींकडे, ही व्यवस्था १७९५ साली बाईंचे देहावसान होईपर्यंत टिकली.

हे स्मरणात ठेवून ‘शिंकेंजर’चा शेवट पाहावा. काओरू गुप्त अक्षर वापरते, पण दोकोकू त्याने बांधला जात नाही. घराण्याने अठरा पिढ्या जपलेला वारसा ऐन वेळी अपुरा पडतो. ती जखमी होते. तेव्हा ती ताकेरूला दत्तक घेते आणि त्याला एकोणिसावा धनी करते. ताकेरू तिच्यापेक्षा वयाने मोठा आहे. आपल्या १९५६ च्या दत्तक कायद्याप्रमाणे स्त्रीने मुलगा दत्तक घेताना ती त्याच्याहून निदान एकवीस वर्षांनी मोठी असावी लागते. तेव्हा आपल्या न्यायालयात हे दत्तविधान उभे राहिले नसते. पण आईपेक्षा थोर मुलगा माळव्याने पाहिला आहे. त्यामुळे जो प्रसंग परक्यांस विनोदी वाटेल तो आम्हांस गंभीर वाटतो. सातारा १८४८ साली आणि झाशी व नागपूर १८५४ साली दत्तकाच्या नामंजुरीपायी गेली, हे ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना दत्तक हा केवळ कौटुंबिक विधी वाटत नाही.

तथापि टीकाकाराने येथे थांबून एक शंका विचारली पाहिजे. ताकेरूचे धनीपण अखेर कोणाच्या शब्दाने सिद्ध होते? ज्या मुलीच्या अंगी शिबांचे रक्त आहे, तिच्याच. म्हणजे व्रताने मिळविलेल्या अधिकारावर रक्ताचा शिक्का उमटल्याखेरीज तो पुरा होत नाही. लेखिकेने प्रश्न धिटाईने मांडला आणि उत्तर सावधपणे दिले, असा आक्षेप घेता येईल. आमच्या मते खरे उत्तर त्याआधीच येऊन गेले आहे. पद गेल्यावर ताकेरू एकटा निघून जातो. तलवारीखेरीज आपल्यापाशी काही उरले नाही असे मानून तो जूझो नावाच्या, लढण्यासाठीच लढणाऱ्या अर्धराक्षसाशी द्वंद्व करतो. सेवक नव्या धनिणीशी निष्ठेने बांधलेले. परंपरेचा सर्वांत अभिमानी र्‍यूनोसुके सर्वांत अधिक तळमळतो. तरीही ते ताकेरूला शोधत जातात आणि एकत्र घालविलेले दिवस खोटे नव्हते असे त्याला सांगतात. त्या क्षणी त्याला ना पद आहे, ना कुळ. दत्तविधान ही त्यानंतरची नोंद. कोतोहा आजारी थोरल्या बहिणीच्या जागी आलेली आहे आणि सहावा वीर गेंता तर सुशी विकणारा, कोणत्याही सामुराई कुळातला नसलेला. दुसऱ्याच्या जागी उभे राहून ती जागा आपली करणे हा धागा पहिल्यापासून विणलेला होता, हे शेवटी ध्यानात येते.

याच कथेवरून २०११ साली अमेरिकेत ‘पॉवर रेंजर्स सामुराई’ निघाली. तीत बदली नायक हा खऱ्या वारसदारणीचा सख्खा धाकटा भाऊ दाखविला आहे. बदल लहान दिसतो. पण त्याने कथेचा प्राण गेला. दोघांचे रक्त एकच झाल्यावर प्रश्न उरतो तो थोरल्या-धाकट्याचा, खऱ्या-खोट्याचा नव्हे.

मूळ मालिकेतही दोष आहेत आणि ते लपविण्याचे प्रयोजन नाही. प्रत्येक अंकात राक्षस एकदा मरतो, मग प्रचंड होऊन उठतो आणि यंत्रमानवाकडून पुन्हा मरतो. हा ठराविक विधी कथेसाठी नसून खेळण्यांच्या बाजारासाठी आहे, हे उघड दिसते. उत्तम साधलेल्या भावप्रसंगानंतरही तो चुकत नाही. अखेरच्या अंकांत काओरूचे मन उलगडावयास अवकाश मिळत नाही. लपून राहण्याचे आयुष्य तिनेही भोगले होते, पण तिचे दुःख चार वाक्यांत आटोपते. चिआकीच्या तोंडी आरंभी आलेला रास्त प्रश्न, म्हणजे आजच्या काळी कोणी कोणाचा धनी का असावा, हाही पुढे स्नेहाच्या ओघात विरून जातो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घराण्यांकडे देवळातील एखादी सेवा, पालखीचा एखादा मान वंशपरंपरेने चालत आलेला आहे. घरची तरुण मंडळी मुंबईस किंवा परदेशी गेली म्हणजे तो मान कागदावर एकाचा राहतो आणि दिवा लावणारा दुसराच असतो. अशा दुसऱ्या माणसास आपण कोणत्या नावाने हाक मारतो? ‘बदली’ म्हणतो, की घरचा म्हणतो? मुलांसाठी रचलेल्या या मालिकेने हा प्रश्न रंगीत मुखवट्यांच्या गर्दीतून नेऊन शेवटपर्यंत टिकविला, हे तिचे श्रेय. घरातील मुले ती पाहत असतील तर पंचेचाळिसाव्या अंकापासून पुढे वडीलधाऱ्यांनीही मागच्या रांगेत बसावे. मुलांना युद्ध मिळेल; थोरांना बोलावयास विषय मिळेल.