ब्रेख्तचे 'गॅलिलिओचे जीवन' : विज्ञान, ख्रिस्ती श्रद्धा आणि एक न दिलेले उत्तर

प्रास्ताविक

विज्ञान आणि ख्रिस्ती श्रद्धा यांच्या परस्परसंबंधाचा विषय निघाला की आपल्या महाविद्यालयीन विश्वात पहिले उदाहरण दिले जाते ते गॅलिलिओचे. एका बाजूस दुर्बीण, दुसऱ्या बाजूस बायबल आणि मध्ये गुडघे टेकलेला एकोणसत्तर वर्षांचा वृद्ध. शपथ घेऊन उठताना पृथ्वी तरीही फिरतेच असे तो पुटपुटला, ही आख्यायिकाही विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. तिला त्या काळातील लिखित आधार नाही. पण ती सांगितल्यावाचून व्याख्यान पुरे झाल्यासारखे वाटत नाही, हेही खरे. जॉन विल्यम ड्रेपर यांचा १८७४ मधील आणि अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांचा १८९६ मधील ग्रंथ यांनी धर्म व विज्ञान यांच्यातील अटळ युद्धाची जी कल्पना रूढ केली, तिला या चित्राचा मोठा आधार होता. विसाव्या शतकात त्याला सर्वांत प्रभावी वाङ्मयीन रूप दिले ते बर्टोल्ट ब्रेख्त यांच्या 'गॅलिलिओचे जीवन' या नाटकाने.

ब्रेख्त मराठी वाचकाला परका नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांचे 'अजब न्याय वर्तुळाचा' आणि पु. ल. देशपांडे यांचा 'तीन पैशाचा तमाशा' यांच्याद्वारे तो आपल्या रंगभूमीवर येऊन गेलेला आहे. 'गॅलिलिओ'चा उल्लेखही चर्चासत्रांतून ऐकू येतो आणि बहुतेक वेळा तो विज्ञानाने श्रद्धेविरुद्ध दिलेली साक्ष म्हणून येतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे आहे की, या नाटकात श्रद्धेचा पराभव दाखविलेलाच नाही, कारण श्रद्धेला तेथे पक्ष म्हणून उभेच केलेले नाही. इतिहासातील गॅलिलिओ श्रद्धावान कॅथलिक म्हणून जो वाद लढला, तो वाद नाटककाराने एका वाक्यात आटोपला आहे. या निवडीची वाङ्मयीन किंमत काय, हे तपासावयाचे आहे.

तीन संहिता आणि बदललेला प्रश्न

नाटकाची पहिली संहिता ब्रेख्तने डेन्मार्कमधील निर्वासित जीवनात १९३८-३९ मध्ये लिहिली. १९४३ मध्ये झुरिच येथे तिचा पहिला प्रयोग झाला. त्या संहितेतील गॅलिलिओ हा हुकूमशाहीच्या काळात चातुर्याने सत्य जपून ठेवणारा माणूस आहे. नट चार्ल्स लॉटन यांच्या सहकार्याने दुसरी, इंग्रजी संहिता सिद्ध होत असतानाच १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबाँब पडला आणि ब्रेख्तच्या दृष्टीने गॅलिलिओचे चरित्रच बदलले. १९४७ च्या अमेरिकेतील प्रयोगापासून तो दोषी ठरतो. त्याने माघार घेतली आणि विज्ञान सत्ताधीशांच्या हाती सोपविले, असा आरोप तो स्वतःवरच करतो. तिसऱ्या, बर्लिन संहितेत हा आरोप अधिक तीव्र होतो. तिच्या तालमी चालू असतानाच १९५६ मध्ये ब्रेख्तचे निधन झाले.

या तिन्ही संहितांत नाटककाराचा मूळ प्रश्न एकच आहे : ज्ञान आणि सत्ता यांचा. नाटकावरील आपल्या टिपणांत ब्रेख्तने स्पष्ट केले आहे की, चर्च येथे केवळ सत्ता म्हणून उभे आहे आणि धर्मगुरूंची टवाळी करणे हा हेतू नाही. तेव्हा नाटकाला धर्मविरोधाचा पुरावा म्हणून वापरणारा वाचक खुद्द नाटककाराच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करतो. परंतु इतके म्हणून ब्रेख्तची सुटका होत नाही. चर्च म्हणजे निव्वळ सत्ता असे एकदा ठरविले की चर्चच्या आत जे चालले होते ते दिसेनासे होते; आणि गॅलिलिओ चर्चच्या आतच होता.

सातव्या प्रसंगातील मौन

नाटकाचा सातवा प्रसंग ५ मार्च १६१६ या दिवशी रोममध्ये, कार्डिनल बेलार्मिन यांच्या निवासस्थानी घडतो. मेजवानी आणि नृत्य चालू आहे. कार्डिनल बार्बेरिनी, म्हणजे पुढचे पोप अर्बन आठवे, आणि गॅलिलिओ एकमेकांवर नीतिसूत्रांतील वचने फेकतात. पवित्र शास्त्र येथे दरबारी हजरजबाबीपणाचे साधन झालेले आहे, आणि हे दृश्य रंगमंचावर कमालीचे चटकदार होत असणार यात शंका नाही. मग गंभीर बोलणे सुरू होते. आपण चर्चचे निष्ठावंत पुत्र आहोत असे गॅलिलिओ सांगतो आणि पुढे म्हणतो की, माणूस ताऱ्यांच्या गतीविषयी जसा चुकू शकतो तसा बायबलच्या अर्थाविषयीही चुकू शकतो. त्यावर बेलार्मिन विचारतात, बायबलचा अर्थ लावणे हे शेवटी धर्मशास्त्रज्ञांचेच काम नव्हे काय? गॅलिलिओ गप्प राहतो. तो गप्प राहिला याची बेलार्मिन नोंदही करतात.

नाटकातील हे मौन ऐतिहासिकदृष्ट्या पूर्णपणे उलटे आहे. १६१६ च्या त्या मार्च महिन्यापूर्वीच गॅलिलिओने या एकाच प्रश्नाचे सविस्तर उत्तर लिहून ठेवले होते. डिसेंबर १६१३ मध्ये पिसा येथे मेदिची घराण्याच्या भोजनप्रसंगी ग्रँड डचेस क्रिस्तिना यांनी गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेली याला अडचणीत टाकले. यहोशवाने सूर्याला थांबण्याची आज्ञा केली असे शास्त्रात आहे. सूर्य मुळात फिरतच नसेल तर या आज्ञेला अर्थ काय? २१ डिसेंबरला गॅलिलिओने कास्तेलीला पत्र लिहिले आणि १६१५ मध्ये त्याचा विस्तार करून ते क्रिस्तिना यांना उद्देशून पुन्हा लिहिले. ते छापले गेले मात्र १६३६ मध्ये, इटलीबाहेर, स्ट्रासबर्ग येथे.

पत्राचे सामर्थ्य आणि त्यातील भेग

क्रिस्तिना यांना लिहिलेले पत्र हे ख्रिस्ती परंपरेच्या साधनांनीच केलेले युक्तिवादाचे लेखन आहे. निसर्ग आणि पवित्र शास्त्र ही दोन्ही एकाच ईश्वरापासून निघाली, म्हणून त्यांच्यात खरा विरोध असू शकत नाही, हे त्याचे पहिले पाऊल. शास्त्र सामान्य जनांच्या आकलनाला धरून बोलते. निसर्ग कोणाच्या आकलनाची पर्वा न करता आपल्या नियमांनी चालतो, हे दुसरे. म्हणून निसर्गाविषयी जे सिद्ध झाले आहे त्याच्या प्रकाशात वचनाचा अर्थ लावावा, हे तिसरे. यासाठी तो संत ऑगस्टिन यांच्या उत्पत्तिग्रंथावरील भाष्याचा पुन्हा पुन्हा आधार घेतो. शास्त्राचा हेतू स्वर्गाचा मार्ग दाखविणे हा आहे, आकाशातील गोलांचे मार्ग सांगणे हा नव्हे, हे सुप्रसिद्ध मत तो एका धर्माधिकाऱ्याच्या नावे देतो. हे धर्माधिकारी म्हणजे कार्डिनल बारोनियस, असे मानले जाते.

हे पत्र लिहिणारा मनुष्य श्रद्धेचे सोंग करीत होता काय? असा संशय घेणारे अभ्यासक आहेत आणि त्यांच्या हाती एक नवा दुवाही आला आहे. २०१८ मध्ये साल्वातोरे रिचार्दो या संशोधकाला लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथालयात कास्तेलीला लिहिलेल्या पत्राची मूळ प्रत सापडली. तीत गॅलिलिओने स्वहस्ते खाडाखोड केलेली आहे. शास्त्रातील काही विधाने शब्दशः घेतल्यास असत्य ठरतात, असे आधी लिहून नंतर ती सत्याहून वेगळी दिसतात, असे त्याने केले. तक्रारदारांनी धर्मन्यायपीठाकडे पाठविलेली प्रत मूळची होती आणि ती विकृत केल्याचा गॅलिलिओचा दावा खरा नव्हता, हेही त्यावरून दिसते. यातून त्याची धूर्तता सिद्ध होते. अश्रद्धा सिद्ध होते असे मला वाटत नाही. शब्द सौम्य केले तरी युक्तिवादाचा सांगाडा तोच राहिला आहे. ज्याला शास्त्राचे काहीच देणेघेणे नाही, त्याला इतका खटाटोप करण्याचे कारण नव्हते.

पत्रात खरी भेग आहे ती वेगळ्या ठिकाणी. शास्त्राने खगोल शिकवावा अशी अपेक्षा धरू नये, असे सांगणारा गॅलिलिओ शेवटी यहोशवाच्या प्रसंगाचा कोपर्निकसी अर्थ लावून दाखवितो. सूर्याचे स्वतःभोवतीचे फिरणे ग्रहांना गती देते, म्हणून सूर्य थांबला की सारी व्यवस्था थांबते, अशी त्याची मांडणी आहे. जे दार त्याने बंद केले त्यातूनच तो स्वतः आत शिरतो. शिवाय, जे निसर्गविषयक विधान निर्विवाद सिद्ध झालेले नाही त्याबाबत शास्त्राचे शब्द मानावेत, हेही तो मान्य करतो. हीच त्याची अडचण झाली. बेलार्मिन यांनी १२ एप्रिल १६१५ रोजी कार्मेलाइट धर्मगुरू फोस्कारिनी यांना लिहिलेल्या पत्रात नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले आहे : पृथ्वीच्या गतीची खरी सिद्धता मिळाली तर वचनांचा अर्थ फार जपून नव्याने लावावा लागेल, पण तशी सिद्धता कोणी दाखविलेली नाही. आणि सिद्धता नव्हतीच. भरती-ओहोटी हा गॅलिलिओचा आवडता पुरावा चुकीचा होता. ताऱ्यांच्या प्रकाशाचे विचलन ब्रॅडली यांनी १७२९ मध्ये प्रसिद्ध केले आणि ताऱ्याचा पराशय बेसेल यांनी मोजला तो १८३८ मध्ये.

येथे बेलार्मिन बरोबर होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह अलीकडच्या काही समर्थनपर लेखनाला पडतो. तो टाळला पाहिजे. ज्या पत्रात त्यांनी सिद्धतेची वाट पाहू असे म्हटले, त्याच पत्रात त्यांनी असेही म्हटले की, एखादी गोष्ट विषयामुळे श्रद्धेची नसली तरी ती सांगणाऱ्यामुळे, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे, श्रद्धेची ठरते. या तत्त्वाने निसर्गाचा कोणताही प्रश्न श्रद्धेच्या कक्षेत ओढता येतो. ट्रेंट परिषदेने १५४६ मध्ये चर्चपित्यांच्या एकमताविरुद्ध अर्थ लावण्यास केलेली मनाई ही त्यामागे होती. १६१६ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्तीपर्यंत रोखला गेला, फोस्कारिनींचे पुस्तक तर पूर्णतः निषिद्ध ठरले. आणि २२ जून १६३३ रोजी गॅलिलिओला शपथेवर माघार घ्यावी लागली. हा अन्यायच होता. त्या वेळचे धर्मशास्त्रज्ञ वचनाच्या अर्थाविषयी चुकले, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी मान्य केले. म्हणजे सातव्या प्रसंगात बेलार्मिन यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर चर्चने पावणेचारशे वर्षांनी बरेचसे गॅलिलिओच्या पत्रासारखेच दिले. ब्रेख्तचा नायक मात्र तेथे गप्प आहे.

छोटा मठवासी आणि कास्तेली

आठव्या प्रसंगात नाटककाराने श्रद्धेच्या बाजूने एक पात्र उभे केले आहे, ते छोट्या मठवाशाचे. हा प्रसंग नाटकातील सर्वोत्तम प्रसंगांपैकी एक आहे. मठवासी गणित जाणतो, गुरूचे उपग्रह त्याने पाहिलेले आहेत. तरी तो संशोधन सोडणार आहे, कारण कांपानियातील त्याच्या कष्टकरी आईवडिलांना विश्वाच्या मध्यभागी असल्याचा आधार हवा आहे. हे बोलणे हृदयस्पर्शी आहे. पण ते सत्याविषयी काही म्हणत नाही. ते फक्त सांत्वनाविषयी बोलते. श्रद्धा म्हणजे गरिबाचे दुःख हलके करणारी गोष्ट, हे ब्रेख्तचे मार्क्सवादी गृहीतक मठवाशाच्या तोंडी घातलेले आहे आणि गॅलिलिओ त्याला शोषणाच्या भाषेत उत्तर देतो. शेवटी तो हस्तलिखितांचा गठ्ठा पुढे टाकतो आणि मठवासी वाचण्यात गढून जातो. ते लेखन भरती-ओहोटीवरचे आहे! ज्या ज्ञानफळाला मठवासी भुलतो ते नेमके गॅलिलिओच्या चुकीच्या सिद्धांताचे आहे, याचा नाटकाला पत्ता नाही, किंवा असला तरी प्रेक्षकाला तो लागू दिलेला नाही.

पुढे चौदाव्या प्रसंगात कळते की, मठवाशाने संशोधन सोडून चर्चचा आश्रय घेतला. एकतर संशोधन, नाहीतर चर्च : नाटकात तिसरी वाट नाही. इतिहासातील कास्तेली बेनेडिक्टाइन संघाचाच मठवासी होता. १६३३ पूर्वी आणि नंतरही तो मठवासी राहिला आणि संशोधकही राहिला. १६२८ मध्ये त्याने वाहत्या पाण्याच्या मापनावर लिहिलेला ग्रंथ जलशास्त्राच्या इतिहासात मानाने उल्लेखिला जातो. वायुभारमापक तयार करणारा तोरिचेल्ली हा त्याचा शिष्य. डोमिनिकन संघाच्या कांपानेल्लाने तुरुंगात असताना गॅलिलिओचे समर्थन लिहिले, ते १६२२ मध्ये फ्रँकफुर्टला छापले गेले. या माणसांपैकी एकालाही रंगमंचावर आणले असते तर सत्ता विरुद्ध ज्ञान ही सरळ रेघ मोडली असती. नाटक कदाचित विस्कळीतही झाले असते. तरीही मठवाशाच्या पात्राला त्यामुळे जो कणा मिळाला असता तो आज त्याला नाही.

व्हर्जिनिया

ही निवड सर्वांत महाग पडली आहे ती गॅलिलिओच्या मुलीच्या बाबतीत. नाटकातील व्हर्जिनिया भाविक, फारशी समज नसलेली, वडिलांच्या संशोधनामुळे ठरलेले लग्न मोडलेली आणि अखेरीस त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्यांशी सहकार्य करणारी अविवाहित स्त्री आहे. तिची प्रार्थना ऐकताना प्रेक्षकाला चीड यावी अशीच योजना आहे. प्रत्यक्षातील व्हर्जिनिया १६१३ मध्ये आर्चेत्री येथील सान मातेओच्या मठात गेली आणि भगिनी मारिया चेलेस्ते झाली. तिने वडिलांना लिहिलेली १२४ पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत औषधे, लिंबाचा मुरंबा, शिवलेल्या कॉलर, मठाची गरिबी आणि वडिलांच्या ग्रंथांविषयीची उत्सुकता एकत्र नांदते. डावा सोबेल यांच्या १९९९ मधील चरित्रग्रंथामुळे ही पत्रे सर्वदूर पोहोचली. शिक्षेचा भाग म्हणून गॅलिलिओने तीन वर्षे दर आठवड्याला सात पश्चात्तापाची स्तोत्रे म्हणावयाची होती. ते काम मुलीने आपल्यावर घेतले. १६३४ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ती वारली. नाटकात ती १६३४ नंतरही जिवंत आहे आणि वडिलांना उपदेश करीत आहे. नाटककाराला असे स्वातंत्र्य असते, हे मान्यच आहे; पण या ठिकाणी त्याने ते ज्या कामी वापरले आहे, ते काम आधीच सोपे होते.

'गॅलिलिओचे जीवन' वर्गात शिकविताना किंवा त्याचे वाचन ठेवताना सातव्या प्रसंगातील त्या मौनापाशी थांबावे, क्रिस्तिना यांना लिहिलेले पत्र तेथे वाचून घ्यावे आणि मगच आठव्या प्रसंगाकडे जावे. बेलार्मिन यांचा प्रश्न तेव्हा वेगळा ऐकू येईल आणि मठवाशाचे बोलणेही.