इंग्रजी ‘केस’ आणि आमचें कारक

संज्ञा चुकली म्हणजे तीवर उभारलेलें विवेचनहि चुकतें. इंग्रजी व्याकरणांतील विभक्तींचीं नांवें याचें उत्तम उदाहरण होत. ‘केस’ हा शब्द लॅटिन ‘कासुस’ म्हणजे पतन यावरून आला, व तो ग्रीक ‘प्टोसिस’ याचें भाषांतर. द्वितीयेस इंग्रजींत ‘अॅक्यूझेटिव्ह’ म्हणतात. मूळ ग्रीक संज्ञेचा संबंध कारणाशीं, कार्याशीं होता, असें बहुतेक विद्वान् मानितात. परंतु त्याच धातूंतून आरोपाचाहि अर्थ निघे. रोमन पंडितांनीं तोच उचलला, आणि कर्माची विभक्ति ‘आरोप करणारी’ ठरली!

पाणिनीनें विभक्तींस केवळ अनुक्रम दिला व कर्ता, कर्म, करण इत्यादि कारकें निराळीं ठेविलीं. रूप वेगळें, क्रियेशीं संबंध वेगळा. ‘रामानें रावण मारिला’ येथें राम तृतीयान्त असूनहि कर्ताच आहे. या तृतीयेस ‘इन्स्ट्रुमेंटल’ म्हणणारा रामास साधन समजेल. ‘नॉमिनेटिव्ह’ म्हणणारा प्रत्ययच विसरेल.

संधि, द्वंद्व, बहुव्रीहि या संज्ञा पाश्चात्त्यांनीं जशाच्या तशा घेतल्या. ब्लूमफील्डच्या १९३३ च्या ग्रंथांत त्या आढळतात. कारकाशीं जुळणारी कल्पना मात्र फिल्मोर यांच्या १९६८ च्या निबंधानंतर तिकडे विशेष चर्चेस आली. ज्यांच्याकडे हा विवेक उशिरां पोंचला, त्यांचेंच एकेरी नांव विभक्ति व कारक या दोहोंस लावणें आम्हांस संमत नाहीं. इंग्रजी संज्ञा अवश्य शिकवावी. पण तिच्या मापानें मराठी वाक्य कापूं नये.